ओटीपीवाल्या मॅडम

"लिहून घे. आणि पटकन टाक हं, नाहीतर मरेल तो."

फोन हाताच्या लांबीवर धरायचा, डोळे बारीक करायचे आणि सहा आकडे दोन-दोनच्या जोड्या करून वाचून दाखवायचे. आमच्या मॅडमचं चित्र काढ असं मला कुणी सांगितलं, तर मी हेच काढीन. चष्मा डोक्यावरच असायचा. तो जरा डोळ्यांवर ओढा ना, म्हटलं की म्हणायच्या, "तेवढ्यात आकडे बदलतात रे."

ऑफिसात मॅडम आणखीही होत्या, पण नुसतं 'मॅडम' म्हटलं की याच. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलंय. मागे त्यांच्या वाढदिवसाला मी चार ओळी खरडून नोटीस बोर्डावर लावलेल्या. त्या वाचून म्हणाल्या, "नाव डब्यावर घालावं, कागदावर कशाला?" डब्याचं पुढे येईलच. आधी ओटीपी.

मानपाड्याला, एमआयडीसीच्या कडेला आमची छोटीशी कंपनी आहे. आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवतो. रक्ताच्या बाटलीवरच्या स्टिकरपासून ते पेशंटच्या हातातल्या रिपोर्टपर्यंत सगळं त्यात येतं. डोंबिवली, कल्याण, शहाड, तिकडे ठाण्यापर्यंत लॅब आहेत आमच्याकडे. आता हे सॉफ्टवेअर लॅबच्या कॉम्प्युटरवर पोचतं कसं, हे मॅडम नव्या माणसाला पहिल्याच दिवशी समजावायच्या. "हे बघ, आपला प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान, अगदी मीठ-मसाल्यासकट, एका डब्यात भरायचं आणि झाकण घट्ट लावायचं. त्याला कंटेनर इमेज म्हणतात. म्हणू देत. तो डबा ठेवायचा फडताळात. त्याला म्हणतात इमेज रजिस्ट्री. लॅबने फडताळातून डबा उचलायचा, घरी न्यायचा, उघडायचा. कळलं? नसेल कळलं तर जेवताना विचार, आत्ता मला काम आहे."

तर आमचं हे फडताळ होतं इंटरनेटवरचं, फुकटातलं. आणि ते होतं मॅडमच्या स्वतःच्या नावावर. कंपनी एका गाळ्यात होती त्या काळात, एका दुपारी, त्यांनी आपल्या घरच्या मेल आयडीवर खातं उघडून टाकलेलं. नंतर बदलू, म्हणाल्या. आपल्याकडे 'नंतर' म्हणजे केव्हा ते तुम्हाला मी काय सांगणार. मग त्या फडताळवाल्यांनी सुरक्षा वाढवली. खात्यात शिरायचं तर फोनवरच्या ॲपमधला आकडा पाहिजे, आणि तो अर्ध्या मिनिटात बदलतो. फोन अर्थात मॅडमचा. त्याला आम्ही सगळे ओटीपीच म्हणायचो. नवा डबा ठेवायचाय? मॅडम, ओटीपी. लॅबला नवीन मशीन आलंय? मॅडम, ओटीपी.

आणि बाई द्यायच्या हो! कुठेही असोत. भाजीवाल्याकडे, हळदीकुंकवात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये. हळदीकुंकवातली तर रीतच ठरलेली: "वाण हातात आहे रे, थांब जरा. हं, लिही." एकदा मी फोन केला तर पलीकडून नुसतं "आँ, आँ" ऐकू आलं. मी घाबरलो. मग एक पुरुषी आवाज आला. "मी डेंटिस्ट बोलतोय. यांच्या तोंडात कापूस आहे. त्या खुणेने सांगतायत की तुम्हाला आकडे वाचून दाखवायचेत. घ्या लिहून." इतक्या वर्षांत 'आत्ता हात अडकलेत, नंतर कर' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. आम्ही दुपारी केला, सणाला केला, त्या आजारी असताना केला. लाज वाटायची, पण करायचो.

लेकीच्या लग्नातही केला.

मी स्वतः त्या लग्नाला ठाण्याला गेलेलो, हातात अक्षता घेऊन उभा होतो. मुलीच्या आईने मंगलाष्टकं बघायची नसतात, तुळशीला पाणी घालत बसायचं असतं, त्यामुळे मॅडम हॉलच्या मागच्या बाजूला तुळशीच्या कुंडीपाशी होत्या. नेमका तेव्हाच ऑफिसात थांबलेल्या एका महाभागाला ओटीपी हवा झाला. व्हिडिओवाल्याला वाटलं, आई तुळशीपाशी एकटीच बसलीय, काय भावुक प्रसंग आहे. तो कॅमेरा घेऊन मागे धावला. आता त्या लग्नाच्या व्हिडिओत कायमचं येऊन बसलंय: मागून 'शुभमंगल सावधान', आणि पडद्यावर एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात लांब धरलेला फोन, पैठणीतल्या मॅडम आकडे सांगतायत. पाणी कुंडीच्या बाहेर.

हा व्हिडिओ मॅडमनीच आम्हाला ऑफिसात दाखवला. हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची. मॅडमही हसल्या. मग फोन पर्समध्ये टाकताना म्हणाल्या, "ती नाही हसली."

आता डबा. मॅडमचा एक स्टीलचा चपटा डबा होता, त्यांच्या लग्नात आत्याने दिलेला. त्यावर भांड्याच्या दुकानात मशीनने टर्रर्र करून कोरलेलं त्यांचं माहेरचं नाव. घासून घासून डबा पातळ झाला, नाव जसंच्या तसं. त्यात कधी कोथिंबीरवडी, कधी थालीपीठ असायचं, आणि ज्याला आवडलं त्याला त्या डब्यासकट घरी न्यायला लावायच्या. अट एकच, डबा रिकामा परत द्यायचा नाही. माझ्या घरी एकदा काहीच नव्हतं तेव्हा मी बेकरीतली खारी भरून दिलेली. उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "चालेल. रिकामा नाही ना, बास."

लेक लग्नानंतर नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली आणि काही काळाने बातमी आली. मॅडमनी जेवणाच्या टेबलावर फोन स्पीकरवर ठेवलेला, त्यामुळे आम्ही सगळ्यांनीच ऐकली. अभिनंदन वगैरे झालं आणि मग लेक म्हणाली, "आई, तू ये. पण एक सांगून ठेवते. लग्नात मी सोडून दिलं. बाळंतपणात जर का तो फोन माझ्यासमोर हात लांब करून धरलास ना, तर बर्फात फेकून देईन."

मॅडमनी पोळीचा तुकडा मोडला आणि भाजीत नुसताच बुडवून ठेवला.

दुपारी त्या सरांकडे गेल्या. सर म्हणजे कंपनीचे मालक. माणूस सज्जन, पण कुणी रजा मागितली की टेबलावरचा काचेचा पेपरवेट गरागरा फिरवायचे. मी तेव्हा कसल्याशा कामाने तिथेच होतो. सर म्हणाले, "अहो, जा ना! लेकीचं बाळंतपण, नाही कोण म्हणेल? पण ओटीपीचं काय? आपला दिवस ती तिकडची रात्र. रात्री उठून आकडे सांगत बसणार?"

"सांगेन की," मॅडम पटकन म्हणाल्या. मग आपलंच बोलणं ऐकून चपापल्या. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "स्थळं बघायला घे."

"कुणासाठी?"

"फडताळासाठी रे, बावळटा. हे फुकटातलं पुरे झालं. चांगल्या घराण्यातलं बघू, कंपनीच्या नावावर. मी नसले तरी नांदलं पाहिजे."

आणि मग आमच्याकडे अक्षरशः बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. फडताळं विकणाऱ्या कंपन्या कमी नाहीत. एकेकाचा सेल्सवाला व्हिडिओ कॉलवर यायचा, मॅडम त्या वेळेपुरता चष्मा डोळ्यांवर घ्यायच्या आणि वरमाईसारख्या बसायच्या. पहिलं स्थळ मोठ्या परदेशी घराण्यातलं. ब्लेझर घातलेला मुलगा, रंगीत तक्ते, तासभर इंग्रजी. मॅडमनी सगळं मन लावून ऐकलं.

"छान आहे हो सगळं. आता मला सांगा, शीळफाट्याला रस्ता खणतात आणि आमची केबल तुटते. त्या दिवशी लॅबने डबा आणायचा कुठून?"

तो म्हणाला, "मॅडम, आमची सर्व्हिस कधीच बंद पडत नाही."

"तुमची नाही पडत हो. रस्ता आमचा आहे ना."

त्याला काही ते झेपलं नाही. विचारून सांगतो म्हणाला आणि गेला.

माझं मत वेगळं होतं. कुणाच्या दारात जायचंच कशाला, आपल्याच ऑफिसातल्या मशीनवर आपलं स्वतःचं फडताळ मांडू, असं मी दोन-तीनदा तावातावाने बोललो. मॅडमनी एकदा मला बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, "म्हणजे घरजावई. बरं. मग त्याचं करायचं कोणी? डिस्क भरली, मशीन रुसलं, की बघायचं कुणाच्या तोंडाकडे? तुझ्या. अरे, माझ्या गळ्यातली घंटा मला काढायचीय, तुझ्या गळ्यात नाही बांधायची. तुलाही कधीतरी मुलीच्या शाळेत गॅदरिंगला जायचं असेल." मग मी पुढच्या स्थळाला फोन लावला.

असं सगळं मजेत चाललेलं. दिवाळीनंतरचं तिकीट काढून झालेलं. आणि मध्येच दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे कीबोर्डला हळदकुंकू वाहतात, सर्व्हरला झेंडूचा हार घालतात आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढतात. आमच्या आवृत्त्यांना सणांची नावं. गुढी, गणपती, दसरा. ही पद्धत मॅडमचीच. "आकडे मी दिवसभर सांगते, आणखी नकोत. दसऱ्याला काय दिलं ते सगळ्यांच्या लक्षात राहतं," असं म्हणायच्या. दर वर्षी नवा 'दसरा' जुन्या 'दसऱ्या'च्या जागी जाऊन बसायचा. तोवर जुना कुणी वापरत नसायचं, म्हणून कधी बोंब झाली नव्हती. यंदा मात्र शहाडच्या लॅबच्या डॉक्टरबाई अडून बसलेल्या. मागच्या दसऱ्याचं सॉफ्टवेअर हाताला बसलंय, बदलणार नाही म्हणाल्या. नाही तर नाही, आम्ही म्हटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा जुना कॉम्प्युटर बसला. त्यांनी तातडीने नवा आणला, जुना बदल्यात दुकानदाराला द्यायचं ठरवून. आमच्या माणसाने नेहमीसारखा फडताळातून 'दसरा' मागवला, आणि आला तो नवा दसरा! त्याला मागच्या वर्षभराची माहिती वाचताच येईना. उपाशीपोटी रक्त देऊन बसलेली माणसं बाकावर, एका पेशंटच्या ऑपरेशनसाठी समोरच्या हॉस्पिटलातून फोनवर फोन, आणि डॉक्टरबाई हाताने रिपोर्ट लिहितायत. आम्ही फडताळात डोकावलो तर दसरा एकच. जुन्याचं नाव नव्याला गेलेलं. जुना तिथेच कुठेतरी बिननावाच्या ढिगात पडलेला असणार, पण नेमका कोणता, ते कुणालाच सांगता येईना.

मॅडम उठल्या. "रिक्षा बघ. जुन्या कॉम्प्युटरमध्ये असेल तो डबा. दुकानदाराने उचलून नेण्याआधी पोचलं पाहिजे."

मानपाड्याहून शहाडपर्यंत त्या स्टीलचा डबा मांडीवर धरून बसलेल्या, तोही घाईघाईत उगाच बरोबर घेतलेला. पोचलो तेव्हा दुकानाचा माणूस जुना कॉम्प्युटर स्कूटरला बांधतच होता. मॅडमनी स्कूटरची चावीच काढून घेतली. "दादा, पाच मिनिटं." तो बघतच राहिला. नशीब, त्या कॉम्प्युटरची डिस्क धडधाकट होती. जुना दसरा तीत जसाच्या तसा सापडला, नव्या मशीनवर बसवला, आणि दुपारपर्यंत रिपोर्ट छापून बाहेर यायला लागले. ऑपरेशनवाल्या पेशंटचा सगळ्यात आधी.

सगळं निवळल्यावर मॅडम डॉक्टरबाईंसमोर उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे. तुमची नाही, या मुलांची नाही. एकच नाव दोनदा द्यायची सवय मी लावली."

डॉक्टरबाई थकलेल्या होत्या, पण हसल्या. "माझंही थोडं चुकलंच. बदल म्हटलं की मी पळते. बसा, चहा घ्या. तुम्ही मुलीकडे निघताय ना?"

"बघू," मॅडम म्हणाल्या.

हे 'बघू' मला अजिबात आवडलं नाही. रिक्षात मी म्हटलं, "बघू काय, मॅडम? तिकीट काढलंय तुम्ही." त्या रस्त्याकडे बघत बसल्या.

आणि माझी भीती खरी ठरली. दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. पेपरवेट गरागरा. "बघितलंत ना, मॅडम? तुम्ही होतात म्हणून निभावलं. तिकडे असतात तर? तिकीट थोडं पुढे ढकलता येतं का बघा ना."

मॅडमनी चष्मा डोक्यावरून काढला, पदराने पुसला. मला वाटलं, झालं, या आता 'बरं' म्हणणार. तशा त्या नेहमी म्हणायच्याच.

"सर, मी होते म्हणून निभावलं नाही. मी होते म्हणून झालं." आवाज अगदी शांत. "नाव मी दिलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. कुठे काय ठेवलंय ते माझ्या डोक्यात. असं कुणी घर चालवतं का? तिकीट ढकलता येईल हो, बाळ नाही ढकलता येत."

पेपरवेट थांबला.

"दिवाळीपर्यंत मी सगळं लावून देते," मॅडम म्हणाल्या. "दिवाळीनंतर आठवडाभर मी इथेच बसेन, पण नसल्यासारखी. त्या आठवड्यात कुणालाही मला एकदा जरी काही विचारावं लागलं, तर मी तिकीट रद्द करते. तुमच्यासमोर."

सर म्हणाले, "ठीक." मी बाहेर येऊन कपाळाला हात लावला. एकदा जरी! या बाईंना आमच्यावर एवढा विश्वास कुठून आला देव जाणे.

आता बघण्याच्या कार्यक्रमात एक नवीन प्रश्न आला. मॅडम कॅमेऱ्यासमोर तो डबा धरायच्या, कोरलेलं नाव दाखवायच्या आणि विचारायच्या, "एकदा एका डब्याला दिलेलं नाव नंतर दुसऱ्या डब्याला देता येतं का तुमच्याकडे?" एक जण छाती फुगवून म्हणाला, "अर्थात, मॅडम! कितीही वेळा! आम्ही एकदम फ्लेक्सिबल आहोत." मॅडमनी हात जोडले. "कळवते." कॉल बंद. "लाचार आहे मेला," म्हणाल्या.

शेवटी एका साध्याशा दिसणाऱ्या मुलीने तो प्रश्न ऐकून आधी विचारलं, "तुमच्याकडे असा घोळ झालाय का?" मॅडमनी सगळं सांगितलं, काही न लपवता. ती म्हणाली, "मग नावं कुलूपबंद करा. सेटिंग आहे. एकदा नाव दिलं की आम्हालाही बदलता येत नाही." खातं कंपनीच्या नावावर राहील, किल्ल्या तिघांकडे वेगवेगळ्या राहतील आणि कुणी नोकरी सोडली तर त्याची तेवढी बंद करता येईल. केबलचा प्रश्न आला तेव्हा ती जरा थांबली. "रस्त्याला मी काही करू शकत नाही. पण प्रत्येक लॅबमध्ये एक छोटं फडताळ ठेवता येईल, पेटीसारख्या वेगळ्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये. मोठ्यातले डबे आपोआप त्यात उतरतील. केबल तुटली तरी घरात डबा असेल." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "पत्रिका जुळली," म्हणाल्या.

दिवाळीपर्यंत आम्ही राबलो. सगळे जुने डबे नव्या फडताळात नेले, सणाच्या नावापुढे वर्षही घातलं, लॅबोलॅबी जाऊन पेट्या बसवल्या. शहाडची पेटी मॅडमनी स्वतः लावली आणि डॉक्टरबाईंच्या हातून तिला हळदकुंकू वाहून घेतलं.

मग तो आठवडा. मॅडम आपल्या खुर्चीत बसून बाळासाठी पिवळ्या लोकरीचं टोपडं विणत होत्या. बोलायचं नाही, वळून बघायचं नाही. आम्ही काम करतोय आणि मागे सुया टकटक. आम्ही काही चुकायला लागलो की सुयांचा आवाज वाढायचा, त्यावरून आम्ही सुधारायचो. सरांनी ते ओळखलं आणि मॅडमना जिन्याजवळच्या टेबलावर नेऊन बसवलं. एका दुपारी सरांनीच येऊन इंटरनेटची केबल उपटली. "शीळफाटा!" असं ओरडले पण. आमच्या चाचणीच्या मशीनने शेजारच्या पेटीतून डबा उचलला आणि चालू झालं. सर थोडे हिरमुसले, असं मला वाटलं.

शेवटच्या दिवशी नवा डबा ठेवायचा होता. सगळं ठीक चाललेलं आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम..."

ऑफिस गार. तिकडे जिन्याजवळ मॅडमचा हात आपोआप पर्समध्ये गेलेला. सर दारात उभे. माझ्या डोळ्यांपुढे ते टोपडं, तो बर्फ, ती तुळस, सगळं फिरलं.

"...चहा घेणार का?" मी म्हटलं.

मॅडमनी हात हळूच पर्समधून काढला. "घेईन. साखर कमी."

सरांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मलाही सांग."

निघायच्या आदल्या दिवशी मॅडमनी डबा भरून डिंकाचे लाडू आणले. खरं तर ते लेकीसाठी केलेले, पण बॅगेत वजन जास्त झालं म्हणाल्या. मला नाही पटलं ते. डबा माझ्या टेबलावर ठेवला. "मी आले की दे. आणि काय ते ठाऊक आहे ना?"

"रिकामा नाही."

"शहाणा आहेस."

त्या गेल्या आणि पुढच्याच पंधरवड्यात शीळफाट्याला खरंच केबल तुटली. नेमकं त्याच दिवशी शहाडच्या डॉक्टरबाईंनी रिसेप्शनला दुसरा कॉम्प्युटर घेतलेला. त्यांच्याच माणसाने पेटीतून डबा उचलून बसवला आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी सहज बोलता बोलता सांगितलं. मॅडमना कुणी काहीच कळवलं नाही. कळवण्यासारखं होतं काय?

मग एका संध्याकाळी त्यांचाच फोन. "सगळं बरं आहे ना रे? कुणाचाच फोन नाही."

"सगळं बरं आहे, मॅडम."

"काही अडलं नाही?"

"नाही."

"ओटीपी?"

"लागतच नाही आता."

"बरं," त्या म्हणाल्या. "चांगलं आहे." मग एकदम, "मग तुम्ही दिवसभर करता तरी काय?"

नात झाली. लेकीने स्वतः मला मेसेज केला. 'आईचा फोन घरी विसरलेला. दोन दिवस तिच्या लक्षातही आलं नाही.' सोबत फोटो होता. मॅडमनी पिवळ्या टोपड्यातलं बाळ हाताच्या लांबीवर धरलेलं, चष्मा डोक्यावर, डोळे बारीक करून त्या त्याच्याकडे बघत होत्या. मी तो फोटो सगळ्यांना दाखवत फिरलो. सरांनी मागून घेतला आणि बराच वेळ दिला नाही.

परतीचं तिकीट पुढे गेलं, मग आणखी पुढे गेलं. शेवटी राजीनाम्याची मेल आली, दोन ओळींची. लेक नोकरीवर रुजू होतेय, बाळाला सांभाळायला कुणी हवं. सरांनी पेपरवेट फिरवला नाही. नुसता हातात धरून बसले.

ऑफिस छान चाललंय. यंदाचा दसरा झाला, जुना जागच्या जागी आहे. पण खरं सांगू? मला त्यांची आठवण येते. फार येते. जेवणाच्या टेबलावर कुणी कुणाला बावळट म्हणत नाही. डबा माझ्या खणात पडून आहे, आणि रिकामा परत द्यायचा नाही म्हणून कॅनडाला जाणारं कुणी भेटलं तरी मी चकली की चिवडा यातच अडकतो.

परवा संध्याकाळी सगळे टेबलाभोवती होतो. कुणालातरी वाटलं, मॅडमना फोन करू या. मी स्पीकरवर लावला. तिकडे सकाळ होती.

"मॅडम," मी आवाज जमेल तेवढा गंभीर केला, "जरा अडलंय. ओटीपी हवा होता."

"अगं बाई! थांब, थांब हं." काय तो आनंद आवाजात! "चष्मा कुठे गेला... हं, लिहून घे..." मग थबकल्या. "अरे, ते ॲप मी कधीच काढून टाकलं. खोटारड्या! तुला ओटीपी कशाला..."

आम्ही हसायला लागलो आणि तिकडे बाळाने भोकाड पसरलं. मॅडमचा आवाज लांब गेला, "आले गं, आले गं माझी बाय," मग परत जवळ आला, घाईघाईत.

"ए, माझे हात अडकलेत रे. नंतर कर."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

सगळे माझ्याकडे बघत होते. सरही. मी आधी पाणी प्यायलो. मग म्हटलं, "मॅडमचे हात अडकलेत. आपण नंतर करू."